पद्मिनीआत्यांच्या गाडीचा रोटर

मी एक जुना रोटर आहे. आता रोटर म्हणजे काय, असे तुम्ही विचारणारच. मित्रांनो, तुमचा दोष नाही. शाळेत तुम्हाला मोटारीचे आत्मवृत्त लिहायला सांगतात, छत्रीचे सांगतात, फळ्याचेही सांगतात. माझे कोणी सांगत नाही. म्हणून म्हटले, आपले आपणच सांगावे.

मी अंगठ्याएवढा आहे. काळ्या बेकेलाइटचा, डोक्यावर पितळेची एक पट्टी. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या मोटारीत बोनटखाली एक गोल डबी असते, तिच्या झाकणाच्या आत मी बसतो. इंजिन फिरू लागले की मीही गरगर फिरतो आणि प्रत्येक प्लगला त्याच्या पाळीने ठिणगी देतो. पंगतीतला वाढपी कसा एकेका पानावर वाढत जातो, तसे माझे काम. मी जागेवर नसलो तर इंजिन कितीही दांडगे असो, टाकी काठोकाठ भरलेली असो, गाडी नुसती घरघर करते आणि गप्प बसते. एवढे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचे सगळे कळेल.

माझा जन्म विलायतेतला. तिथे मला एका उघड्या, दोन आसनांच्या स्पोर्ट्स मोटारीत बसवले. गाडी सायीच्या रंगाची होती, नाक लांब आणि पाठ बुटकी. लाकडी पेटीत बंद होऊन ती बोटीने आली आणि पुढे मालगाडीने लखनौला पोचली. तिथे तिची वाट पाहत राजारामशेठ उभे होते.

राजारामशेठ मूळचे सोलापूरचे, लिंगायत वाणी. लखनौच्या छावणीला चादरी आणि तंबूचे कापड पुरवता पुरवता ते इथलेच होऊन गेले. गिरणी झाली, हजरतगंजच्या मागे कोठी झाली, शहराबाहेर चिनहटच्या पुढे आंब्याची बाग झाली. मूल एकच, पद्मिनी. तिशी आली तरी ती लग्नाला तयार होईना, म्हणून आई डोळे पुसत असे. शेठजींनी मात्र लग्नाची सगळी हौस या गाडीवर भागवली. पुढे शेठजी गेले, आई गेली आणि सगळी इस्टेट पद्मिनीबाईंच्या नावावर झाली. मग तर स्थळांची रीघच लागली. बाई प्रत्येकाला गाडीतून एक फेरी मारून आणत आणि चहा पाजून निरोप देत. त्यातले दोघे घाबरून वाटेतच उतरले. मी तिथेच होतो, त्यामुळे हे ऐकीव नाही.

ते दिवस फार सुखाचे होते. हजरतगंजात कॉफी प्यायला गेल्या की बाई आधी बोनट उघडत, डबीचे झाकण काढत आणि मला उचलून रुमालात गुंडाळत. "कुणाला न्यायची असेल तर ढकलत नेऊ दे," असे म्हणून मी त्यांच्या पर्समध्ये जाई. त्या पर्समध्ये खसच्या अत्तराचा वास असे. परत आल्यावर मला पुसून, पट्टीचे टोक पॉलिशपेपरने हलके घासून, त्या मला माझ्या जागी बसवत. रस्त्यावरचे लोक गाडीकडे बघत. गाडीच्या नाकाचे कौतुक होई, चाकांचे होई, हॉर्नचेसुद्धा होई. माझे नाव कोणी घेत नसे, पण बाईंना माझी किंमत ठाऊक होती. तेवढ्यावर मी खूश होतो.

मग कोठीत वीणा आली. वीणा ही बाईंच्या सोलापूरच्या चुलतभावाची मुलगी. तिचे यजमान देवदत्त यांना लखनौच्या औषध संशोधन संस्थेत नोकरी लागली आणि वीणाची बँकेतली बदलीही इकडे झाली. "एवढी मोठी कोठी आहे, मी एकटी आहे, तुम्ही भाड्याने कशाला राहता?" असे म्हणून बाईंनी दोघांना आणून ठेवले. तेव्हापासून त्या पद्मिनीआत्या झाल्या. वीणाला सानिका झाली तेव्हा आजीही झाल्या.

वीणा मनाने वाईट मुळीच नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. आत्यांना ताप आला तर ती रजा टाके. त्यांच्यासाठी शेंगाचटणी आणि कडक भाकरी हौसेने करी. पण गाडीची तिला भीती. आत्यांनी तिला शिकवायचा प्रयत्न केला, तेव्हा फाटकातून बाहेर पडायच्या आधीच तिला घाम फुटला. आत्या हसून म्हणाल्या, "चालवायला नाही तर नाही, निदान बंद करायला तरी शीक!" आणि त्यांनी तिला बोनट कसे उघडायचे, डबीचे दोन्ही चाप कसे काढायचे आणि मला कसे उचलायचे ते दाखवले. गाडीतले वीणाला तेवढेच आले.

रविवारी सकाळी आत्या सानिकाला शेजारी बसवून गोमती नगरात न्यायच्या. तेव्हा तिथे वस्ती विरळ होती. रुंद रस्ते, अर्धवट बांधलेली घरे आणि मधूनच एखादी सायकल. सानिका ओरडे, "आजी, और तेज़!" आत्या म्हणत, "मराठीत सांग, मग पळवते." सानिकाला मराठी सगळे समजे, पण तोंडातून हिंदीच यायचे. आत्या दोन क्षण वाट बघत आणि शेवटी तशीच पळवत.

एकदा जेवताना सोलापूरच्या कोण्या नातेवाइकांच्या निधनाचा विषय निघाला. लिंगायतांमध्ये माणूस गेला की त्याला जाळत नाहीत. बसवून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून, जमिनीत समाधी देतात. सानिकाला हे नवीनच होते. "बैठाके?" तिने विचारले. "हो तर," आत्या म्हणाल्या. "पण मला बाई खाली मांडी घालून बसवू नका. गुडघे दुखतात माझे. गाडीतल्या सीटवर बसवा, ती मला सवयीची आहे." देवदत्तांना हसता हसता ठसका लागला. वीणानेही पदर तोंडाला लावला. ती नुसती थट्टा होती. आत्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

पुढे चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीत ती सकाळ आली. कोहरा इतका दाट होता की गाडीचे नाकसुद्धा नीट दिसत नव्हते. आत्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, पण त्या कबूल करत नसत. गोमती नगरच्या वळणावर एक अमरूदवाला ठेला घेऊन उभा होता. गाडी ठेल्याला धडकली. पेरू रस्ताभर गडगडत गेले. ठेलेवाला ओरडला, "अम्मा, दिखता नहीं है क्या?" त्याला काही लागले नव्हते. पण सानिकाचे कपाळ पुढच्या फळीवर आपटले होते आणि लिंबाएवढे टेंगूळ आले होते.

वीणाने ते टेंगूळ पाहिले आणि त्यावर बर्फ धरला. संध्याकाळी ती गॅरेजमध्ये आली. आत्यांनी शिकवले होते अगदी तसेच तिने बोनट उघडले, दोन्ही चाप काढले आणि मला उचलले. मुलीच्या आईचा तो हात होता आणि त्या दिवशी तिचे चुकले असे मला आजही म्हणवत नाही. मी तिच्या पर्समध्ये गेलो. त्या पर्समध्ये बँकेच्या लॉकरची किल्ली, खोकल्याच्या गोळ्या आणि सानिकाची एक हेअरपिन होती.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी गाडी सुरू करून पाहिली. ती झाली नाही. वीणा दाराशीच उभी होती. "आत्या, मेकॅनिक येऊन गेला. कुठलातरी पार्ट गेलाय म्हणाला. मुंबईहून मागवावा लागेल."

आत्यांनी चावी काढून घेतली. मग म्हणाल्या, "अच्छा."

मित्रांनो, तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले. मला कोणी फेकले नाही, तोडले नाही, उन्हातान्हात टाकले नाही. जुन्या वस्तू आपल्या गोष्टीत ज्याबद्दल रडतात, त्यातले माझ्या वाट्याला काहीच आले नाही. मी रोज वीणाबरोबर बँकेत जाई आणि संध्याकाळी तिच्याबरोबर घरी येई. ती पर्स जेवणाच्या टेबलावर ठेवी. समोर आत्या चहा घेत बसलेल्या असत. कप खाली ठेवून त्या विचारत, "पार्ट आला का गं, वीणा?"

"नाही हो आत्या. मुंबईत मिळत नाहीये म्हणे."

रोज हाच प्रश्न. उत्तर मात्र हळूहळू बदलत गेले. मुंबईत नाही म्हणून विलायतेहून यायचाय, विलायतेहून निघालाय, कस्टममध्ये अडकलाय. मी त्या टेबलावर, आत्यांच्या हाताच्या अंतरावर पडून हे सगळे ऐकत असे. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याला मरणाची लाज वाटली असती. मलाही वाटली.

त्या वर्षी आत्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डोळे छान झाले. पेपरातली बारीक अक्षरेसुद्धा त्या वाचू लागल्या. डॉक्टर म्हणाले, सकाळच्या वेळी, रिकाम्या रस्त्यावर, हळू चालवायला हरकत नाही. आत्या दवाखान्यातून आल्या त्या हसतच. "डॉक्टर हो म्हणाले बघ! आता पार्ट तेवढा आला की झालं."

त्या संध्याकाळी वीणा आपल्या खोलीत पलंगावर पर्स घेऊन बसली होती. तिने मला बाहेर काढून तळहातावर ठेवले होते. तिने देवदत्तांना विचारले, "लावून टाकू का हो?"

देवदत्तांना सगळे माहीत होते. ते म्हणाले, "आता? आणि काय सांगणार, पार्ट उडत आला? त्यांना कळेल ना, आपण काढून ठेवला होता ते. शिवाय सानिका पुन्हा हट्ट धरेल. राहू दे. विसरतील त्या."

"विसरतील?"

"वय झालंय, यार. विसरतातच माणसं."

वीणाने मला परत पर्समध्ये टाकले. भीती टेंगळाची होती तोवर मी तिच्या बाजूने होतो. आता भीती फक्त खोटे उघडे पडण्याची होती. एवढ्याशा भीतीसाठी ती मला लपवत होती, आणि हे तिलाही कळत होते. कारण त्यानंतर ती आत्यांशी बोलताना जास्त गोड बोलू लागली. त्यांच्यासाठी नवी शाल आणली. त्यांचे पाय चेपून देऊ लागली. रोज काहीतरी आवडीचे करू लागली.

आत्या विसरल्या नाहीत. एकदा त्या म्हणाल्या, "असं कर. तू चालवायला शीक, मी शेजारी बसते. गोमती नगरात एक चक्कर. मी हात नाही लावणार स्टिअरिंगला."

"हो आत्या. मार्च एंडिंग तेवढं होऊ दे."

बँकेतल्या माणसांचे मार्च एंडिंग म्हणजे काय असते ते त्यांच्या घरच्यांना ठाऊक असते. तो मार्च संपला. एप्रिलमध्ये सानिकाची परीक्षा होती, मग ऊन वाढले, मग पाहुणे आले. बघता बघता दिवाळीही गेली. गॅरेजमध्ये गाडीवर चादर टाकलेली होती. आत्या अधूनमधून ती चादर झटकून पुन्हा घालत, असे मी सानिकाच्या बोलण्यातून ऐकले.

पंच्याण्णव सालच्या डिसेंबरात आत्यांच्या छातीत पाणी झाले. त्यांना इस्पितळात ठेवले. एका दुपारी वीणा त्यांच्या उशाशी बसली होती. तिने रुमाल काढायला पर्स उघडली होती आणि चेन तशीच उघडी राहिली होती. मी अगदी वर होतो.

आत्यांनी डोळे उघडले. बरे वाटत असावे त्यांना, कारण आवाज स्वच्छ होता. "वीणा," त्या म्हणाल्या, "रोटर तेवढा लाव हं आता."

मित्रांनो, माझ्या अंगातली पितळेची पट्टी तेव्हा गार पडली असेल. चाळीस वर्षे ज्या बाईने मला स्वतःच्या हाताने काढले आणि लावले, तिला पहिल्याच दिवशी बोनट उघडून रिकामी जागा दिसली नसेल का? दिसलीच असणार. असला रोटर लाटूश रोडवर मोटारीच्या भागांच्या कुठल्याही दुकानात मिळाला असता, तेही त्यांना ठाऊक होते. त्या कोणालाही पाठवून आणू शकत होत्या. त्यांनी आणला नाही. रोज संध्याकाळी वीणाला विचारत मात्र राहिल्या.

वीणाला हे सगळे त्याच क्षणी कळले. आता नुसते "हो" म्हटले असते तरी पुरे होते. रडली असती तरी चालले असते. पण तिच्या तोंडून निघाले, "कुठला रोटर, आत्या?"

आत्यांनी तिच्याकडे पाहिले. मग उघड्या पर्सकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. त्या रागावल्या नाहीत. डोळे मिटून म्हणाल्या, "असू दे गं. एक संत्रं सोलून दे."

वीणाने संत्रे सोलले. शिरा काढून एकेक फोड त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी दोन खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे आत्या लिंगैक्य झाल्या.

घरी आल्यावर वीणा एकदम म्हणाली, "त्यांना गाडीतच बसवायचं." देवदत्तांना आधी वाटले, ती भ्रमात बोलते आहे. सोलापूरहून वीणाचा भाऊ नरेंद्र फोनवर म्हणाला, "अगं, लोक हसतील आपल्याला." वीणा एकच उत्तर देई, "आत्यांची इच्छा होती." जेवणावरची ती थट्टा तिने इच्छा करून टाकली. दीड-दोन वर्षे ज्या बाईने एक चक्कर मागितली, तिला ती आता अख्खी गाडी द्यायला निघाली होती.

लखनौला लिंगायतांचे विधी करणारे जंगम स्वामी नाहीत. ते काशीहून सकाळच्या गाडीने आले. वयस्कर, शांत गृहस्थ. त्यांनी गाडीचे सगळे ऐकून घेतले. मग त्यांनी विचारले, "बसलेल्या असतील ना?"

"हो, स्वामीजी."

"हातात लिंग असेल?"

"हो."

"मग खालची बैठक लाकडाची की लोखंडाची, हे आपण कशाला विचारायचं?" असे म्हणून त्यांनी बेलपत्रे निवडायला घेतली.

चिनहटच्या पुढच्या आंब्याच्या बागेत खोलीएवढा खड्डा खणला होता आणि गाडी आत नेता यावी म्हणून एका बाजूने उतार केला होता. गाडी ट्रकवर घालून आणली. चिनहटच्या वर्कशॉपमधला हरिहर चार माणसे आणि जाड दोर घेऊन आला होता. त्याने टाकीतले पेट्रोल काढले. मग तो वीणाला म्हणाला, "मैडम, हम लोग पीछे से रस्सी पकड़ के धीरे-धीरे उतारेंगे. लेकिन स्टेयरिंग किसी को पकड़ना पड़ेगा."

देवदत्त पुढे झाले. वीणा म्हणाली, "नको. मी बसते."

ती चालकाच्या जागेवर बसली आणि पर्स तिने शेजारच्या आसनावर ठेवली. दोन वर्षांनी मी माझ्या गाडीत होतो. चामड्याचा तो वास, ती गोल घड्याळे, सगळे तसेच होते. हरिहरने बोनटवर हात ठेवून विचारले, "एक बार खोल के देख लूँ? बैटरी-वैटरी निकालनी हो तो."

मला वाटले, आता ती हो म्हणेल. आता बोनट उघडेल, ती उतरून येईल आणि मला माझ्या जागी बसवेल. गाडी सुरू होणार नव्हतीच. पण निदान पुरी तरी झाली असती.

वीणाने वर पाहिले. खड्ड्याच्या काठावर बँकेतले लोक होते, संस्थेतले लोक होते, पेपरचा फोटोग्राफर होता. सर्वांत पुढे सानिका होती. बोनट उघडून वीणाने पर्समधून मला काढले असते, तर सगळ्यांनी पाहिले असते. ती म्हणाली, "नहीं भैया, रहने दीजिए."

दोर सैल झाले. त्या फसलेल्या शिकवणीनंतर वीणाने पहिल्यांदाच ते स्टिअरिंग धरले आणि इंजिनाचा आवाज न करता गाडी उतारावरून खाली गेली. तळाशी पोचल्यावर तिने पर्समध्ये हात घातला आणि मला मुठीत धरले. मूठ घट्ट होती. तिथे कोणाला दिसत नव्हते. मला आसनाच्या फटीत सोडले असते तरी मी आत्यांबरोबर राहिलो असतो. तेवढ्यात वरून सानिकाने हाक मारली, "मम्मी, ठीक हो?" वीणाने दचकून मूठ पर्समध्ये उघडली आणि चेन लावली.

मग आत्यांना खाली आणले. त्यांना त्यांच्या सवयीच्या सीटवर बसवले. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवले. स्वामींनी मंत्र म्हटले आणि विभूतीने आणि बेलपत्रांनी गाडी भरत गेली. पुढे माती पडू लागली. मला ते दिसत नव्हते, पत्र्यावर पडणारा आवाज तेवढा ऐकू येत होता. आवाज मऊ होत होत बंद झाला.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. वीणा स्टिअरिंग धरून बसली आहे आणि मागे आंब्याची झाडे आहेत. कोणी लिहिले, श्रीमंत बाईचा शेवटचा छंद. कोणी लिहिले, भाचीची माया. बँकेतल्या लोकांनी तो फोटो चौकट करून भेट दिला. "ऐसी भतीजी भगवान सबको दे," असे शेजारणी म्हणत आणि वीणा घाईघाईने चहा करायला आत जाई. तो फोटो दिवाणखान्यातल्या काचेच्या फळीवर उभा राहिला. तिकडे वीणा कधी बघत नसे.

मी मात्र पर्समध्येच होतो. एका दुपारी सानिका पेन शोधत होती. तिच्या हाती मी लागलो.

"मम्मी, ये क्या है?"

सानिका आता मोठी झाली होती, सातवीत होती. तिने मला उलटे करून पाहिले, पितळेच्या पट्टीवरून बोट फिरवले. "गाड़ी का है ना? आजी ने दिखाया था." मग तिचा आवाज बदलला. "ये तुम्हारे पास क्यों है?"

वीणा खुर्चीवर बसली आणि तिने सांगितले. टेंगळापासून सांगितले, डॉक्टरांचे सांगितले, मार्च एंडिंगचे सांगितले, खड्ड्यातले सांगितले. इस्पितळातले तेवढे सांगितले नाही. सानिका ऐकत होती. तिला आपल्या कपाळावरचे टेंगूळ आठवतही नव्हते.

"आजी को पता था?" तिने विचारले.

"हो."

सानिका रडली नाही आणि भांडलीही नाही. ती मला घेऊन दिवाणखान्यात गेली आणि मला काचेच्या फळीवर, त्या फोटोच्या पुढे ठेवले. "ये अब यहीं रहेगा," ती म्हणाली. "कोई पूछे तो बताना."

वीणाने मला तिथून उचलले नाही. उचलता आले असते, फळी तिच्या हाताशीच होती.

त्याच आठवड्यात आत्यांच्या मैत्रीण चारुलताबाई आल्या. विद्यापीठातून निवृत्त झालेल्या, स्पष्ट बोलणाऱ्या बाई. फोटो बघून त्या म्हणाल्या, "पद्मिनी नशीबवान हो. माझ्यासाठी कुणी सायकलसुद्धा पुरणार नाही. आणि हे काय गं, काळं काळं?"

वीणाने सांगायला सुरुवात केली. बोलता बोलता ती इस्पितळापर्यंत आली आणि थांबली. "मी चहा टाकते," म्हणून ती उठली. दारात सानिका उभी होती. तिला पुढचे ठाऊक नव्हते, पण पुढे काहीतरी आहे हे तिला कळले होते. ती म्हणाली, "मग आजी काय म्हणाली?"

मराठीत म्हणाली. वीणा पुन्हा खाली बसली.

"त्या म्हणाल्या, रोटर तेवढा लाव. मी म्हटलं..." तिने फळीकडे पाहिले. पहिल्यांदाच पाहिले. "मी म्हटलं, कुठला रोटर?"

चारुलताबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. थोड्या वेळाने त्या उठल्या, वीणाच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेल्या. सानिका आईजवळ येऊन बसली.

आता मी इथेच असतो. नवा पाहुणा आला की मला पाहतो आणि विचारतो, आणि वीणा सांगते. दरवेळी ते एक वाक्य आले की तिला चहा टाकायला उठावेसे वाटते. तरी ती सांगते. कौतुक करायला येणारे आता कमी झाले आहेत.

मित्रांनो, असल्या गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू जपा असे सांगायचे असते. मला तसे सांगता येत नाही. मला फार चांगले जपले आहे, रोज फडक्याने पुसतात. तुमच्या घरी कोणी म्हातारे माणूस रोज एकच गोष्ट विचारत असेल, तर त्याला खरे उत्तर द्या. द्यायचे नसेल तर तोंडावर नाही म्हणा. आत्यांना "नाही" म्हटले असते तर त्या चिडल्या असत्या, दोन दिवस जेवल्या नसत्या, वीणाशी कडाकडा भांडल्या असत्या. ते भांडण होऊन मिटलेही असते. तसे झाले नाही. संध्याकाळ झाली की वीणा पर्स टेबलावर ठेवी आणि आत्या चहाचा कप खाली ठेवून विचारत, पार्ट आला का गं. मी त्या पर्समध्ये आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि आज तरी वीणा चेन उघडेल म्हणून त्या पर्सकडे बघत बसत.